उलटा वाचलेला आलेख : पुराहवामानाच्या अभ्यासाची सुरुवात

पुराहवामानशास्त्राच्या, म्हणजे पृथ्वीच्या प्राचीन हवामानाच्या, अभ्यासाचे पहिले काही महिने मी पाठांतरात घालवले. पृथ्वी कोणत्या कल्पात उष्ण होती, कोणत्या कल्पात थंड, ध्रुवांवर बर्फ केव्हा साचले आणि केव्हा वितळले, याचा एक लांबलचक तक्ता मी केला होता आणि तो तोंडपाठ झाला म्हणजे विषय समजला, अशी माझी कल्पना होती. ती एका आलेखाने मोडली.

सागरतळाच्या गाळात सापडणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांच्या कवचांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणाचा, तो आलेख होता. रेषा वर गेली की तापमान वाढले, असे गृहीत धरून मी सगळी हिमयुगे उष्ण ठरवून टाकली. प्रत्यक्षात कवचात जड ऑक्सिजन-१८ जितका अधिक, तितका काळ थंड. म्हणूनच हा अक्ष पुष्कळदा मुद्दाम उलटा छापतात, आणि माझ्या हाती आलेला नेमका सरळ होता. ही चूक हसण्यावारी नेता आली. दुसरी लक्षात यायला मात्र बराच काळ गेला : तो आलेख निव्वळ तापमानाचा नव्हताच.

समुद्राच्या पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन-१६ असलेले रेणू अधिक सहज उडून जातात. ते हिमरूपाने पडून खंडांवरील हिमस्तरांत अडकले, की मागे उरलेल्या समुद्रात ऑक्सिजन-१८ चे प्रमाण वाढते. शिवाय थंड पाण्यात कवच घडताना त्यात ऑक्सिजन-१८ अधिक शिरतो, म्हणजे एकाच आकड्यात दोन कारणे मिसळलेली असतात. भूशास्त्रज्ञ चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये समुद्राच्या पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांतील हे चढउतार मुख्यतः तापमानाचे मानले होते. निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये दाखवले, की तळाशी राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांतही जवळजवळ तेवढाच बदल आढळतो. आणि तळाचे पाणी आजच गोठणबिंदूच्या जवळ असताना ते हिमयुगात आणखी कितीसे थंड होणार? तेव्हा बदलाचा मोठा वाटा बर्फाच्या साठ्याचा असला पाहिजे. हा युक्तिवाद वाचला त्या दिवशी मी तक्ता मिटून ठेवला. नवोदितांनीही कोणताही आकडा हाती आला की तो नेमके काय मोजतो, हे आधी विचारावे. दोन कारणे वेगळी करायची असतील, तर त्याच कवचातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचे गुणोत्तर उपयोगी पडते, कारण ते बरेचसे तापमानावर अवलंबून असते.

नमुना कितपत टिकून राहिला आहे, हा त्यानंतरचा प्रश्न. इओसीन काळात (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वी) ध्रुवीय प्रदेश उबदार आणि उष्ण कटिबंध मात्र अपेक्षेपेक्षा थंड, असे विचित्र चित्र बराच काळ मांडले जात होते. टांझानियातील चिकणमातीत काचेसारखी स्वच्छ राहिलेली कवचे २००१ मध्ये तपासली गेली, तेव्हा त्यांनी उष्ण कटिबंधही चांगलाच उष्ण असल्याचे सांगितले. आधीची कवचे समुद्रतळाच्या थंड पाण्यात पुन्हा स्फटिकीभूत झाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली कवचे निवडण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण ते दुसऱ्यावर सोपवू नये.

कालगणनेत तर मी सर्वांत जास्त घसरलो. अंटार्क्टिकातील बर्फाच्या गाभ्यांतून, म्हणजे खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या दंडगोलांतून, मागच्या ८ लाख वर्षांची हवा मिळते आणि औद्योगिक काळापूर्वी तिच्यातील कार्बन डायऑक्साइड दशलक्षांत सुमारे १८० ते ३०० भाग या मर्यादेत राहिला, हे मला पाठ होते. हवेचे बुडबुडे मात्र हिम बरेच खोल गाडले गेल्यावरच बंद होतात. त्यामुळे बुडबुड्यातील हवा तिच्याभोवतीच्या बर्फापेक्षा वयाने लहान असते, आणि जिथे हिम फारच थोडे पडते तिथे हा फरक काही हजार वर्षांचा असतो. तो न धरता तापमान आणि वायू यांतले आधी काय बदलले, यावर मी पानेच्या पाने लिहिली होती. ती फाडावी लागली. रेडिओकार्बनच्या, म्हणजे किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याच्या, कालमापनात ‘वर्तमान’ म्हणजे १९५० हे वर्ष, ही बारीक बाबही मला कोणी सांगितली नव्हती.

विशेष विषय निवडताना पुरावा कुठे शिल्लक आहे, हे पाहावे. आजचा सागरतळ बहुतांशी २० कोटी वर्षांहून तरुण आहे, कारण जुना तळ भूपट्टांच्या हालचालींत पृथ्वीच्या पोटात गेला. त्यामुळे सुमारे ७२ ते ६३.५ कोटी वर्षांपूर्वीच्या, पृथ्वी जवळजवळ पूर्ण गोठल्याचे मानले जाणाऱ्या हिमयुगांचा अभ्यास जमिनीवरील खडकांतूनच करावा लागतो. तेथे हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांच्या थरावर थेट कार्बोनेट खडकाचा थर बसलेला दिसतो, आणि खडकांच्या चुंबकत्वावरून ते थर विषुववृत्ताजवळ घडल्याचे कळते. ज्याला थर वाचण्याची आवड आहे त्याने या बाजूला जावे. ज्याचे मन रसायनशास्त्रात आणि संख्याशास्त्रात रमते, त्याला सागरी गाळ आणि हिमगाभे अधिक मानवतील. संख्याशास्त्र मात्र दोघांनाही चुकत नाही : सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वी ५ ते ६ अंशांनी तापली, त्या बदलाचा वेग काढायचा तर लागोपाठच्या दोन नमुन्यांमध्ये किती वर्षे गेली, हे ठाऊक असल्याखेरीज गणित सुरूच होत नाही.