वृत्तातली कविता मोठ्याने कशी वाचावी

आधी अर्थ लावा. अडलेले शब्द कोशात बघा आणि सगळी कविता एकदा गद्यात, बोलल्यासारखी सांगून पाहा.

मग वृत्त ओळखा. लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षराची 1 मात्रा (मात्रा म्हणजे उच्चाराच्या वेळेचं माप), गुरू म्हणजे दीर्घ अक्षराच्या 2. समजा भुजंगप्रयात आहे. म्हणजे ओळीत 12 अक्षरं, ‘लगागा’ (लघु, गुरू, गुरू) चार वेळा. या दोन ओळी मी इथल्यापुरत्या रचल्या आहेत:

नदीच्या तटी थांबलेली उन्हाची
जुनी सावली चालते सांजवेळी

‘टाळी वाजवत म्हणा, ठेका आपोआप बसतो’ हा सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून तो पाळू नका. टाळीवर म्हटलं की ओळ अशी तुटते: नदीच्या, तटीथां, बलेली, उन्हाची. दुसरी तर जुनीसा, वलीचा, लतेसां, जवेळी. ठेका अगदी चोख, पण ऐकणाऱ्याच्या हाती धड शब्द लागत नाही. गण, म्हणजे हे तीन-तीन अक्षरांचे गट, मोजायला असतात, थांबायला नाहीत. थांबायची जागा यतीची, म्हणजे ओळीतल्या ठरलेल्या विरामाची. शार्दूलविक्रीडित या वृत्तात 19 अक्षरांपैकी 12व्यानंतर ती असते, तिथे खुशाल थांबा.

आता खरी अवघड गोष्ट. मीही इथे बरेच दिवस अडले होते.

बोलताना आपण ‘थांब्लेली’, ‘साव्ली’, ‘चाल्ते’, ‘सांज्वेळी’ म्हणतो. मधला ‘अ’ गिळतो. वृत्त मात्र त्या अक्षराची पुरती मात्रा धरतं. गिळलात तर पहिली ओळ 11 अक्षरांवर येते, दुसरी 9 वर, आणि चाल लंगडते. म्हणून काही जण उलट टोकाला जातात आणि ‘थां-ब-ले-ली’ असं एकेक अक्षर ठोकून म्हणतात. तेही कानाला बोचतं. जोर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा पक्कं डोक्यात बसवा. ‘सावली’त जोर ‘सा’वर द्या, ‘व’ हलका सोडा, पण त्याचा वेळ त्याला मिळू द्या. ‘ली’ची घाई नको. आधी हे चार शब्द सुटे घोळवा, मग ओळीत घाला. ओळीत थेट सराव केलात तर जीभ हमखास बोलण्याच्या सवयीवर जाते.

दुसरी अडचण ओळीच्या शेवटी आहे. ‘उन्हाची’पाशी ओळ संपते, वाक्य संपत नाही. तिथे आवाज खाली टाकलात की ‘उन्हाची काय?’ हा प्रश्न तसाच लोंबकळतो आणि ‘सावली’ पोरकी होते. ‘ची’ किंचित लांबवा, सूर वरच ठेवा आणि श्वास न घेता ‘जुनी’वर या. ‘सावली’नंतर अगदी निसटता विराम चालेल. पोटभर श्वास ‘सांजवेळी’नंतर. दोन ओळी एका श्वासात मावत नसतील तर आवाज कमी करा, ओळ तोडू नका.

यमकावर मुद्दाम जोर देऊ नका, ते आपोआप ऐकू येतं. अनुप्रासाचंही तेच.

शेवटी मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि कविता समोर न ठेवता ऐका. जिथे शब्द कळला नाही, तेवढीच ओळ पुन्हा घ्या. माइक तोंडासमोर धरू नका, जरा बाजूला धरा. नाहीतर प्रत्येक ‘फ’ आणि ‘भ’ला वाऱ्याचा फटका ऐकू येईल.