निओव्हिमची कॉन्फिग: आयती की हातची?

निओव्हिम हा टर्मिनलमध्ये चालणारा, व्हिमपासून निघालेला कोड एडिटर. त्यासाठी लेझीव्हिम, ॲस्ट्रोएनव्हिम, एनव्हीचॅड यांपैकी एखादी आयती कॉन्फिग (सेटिंग आणि प्लगिनांचा तयार संच) उचलायची की कोऱ्या इनिट फाइलपासून स्वतः सुरुवात करायची, हा वाद पहिल्याच दिवशी मिटवायची गरज नाही. दोन्ही एकाच मशीनवर शेजारी ठेवून आठवडाभर वापरता येतात. मात्र त्याआधी मशीन तयार हवं, कारण पहिल्या दिवशीच्या बहुतेक तक्रारी कॉन्फिगच्या नसतातच.

आधी आवृत्ती बघा. उबुंटू 22.04 वर एपीटीमधून (सिस्टिमच्या पॅकेज इन्स्टॉलरमधून) निओव्हिम 0.6.1 येतं, डेबियन 12 वर 0.7.2, उबुंटू 24.04 वर 0.9.5. नव्या लेझीव्हिमला 0.11.2 किंवा पुढचं लागतं. म्हणजे एपीटीचा नाद सोडायचा, निओव्हिमच्या गिटहबवरून टार फाइल उतरवून ऑप्ट फोल्डरमध्ये उलगडायची आणि तिचं बिन फोल्डर पाथमध्ये (शेल कमांड जिथे शोधतं त्या यादीत) सगळ्यांच्या पुढे लावायचं. मग नवीन टर्मिनल उघडून आवृत्ती विचारा. जुनाच आकडा दिसला तर जुनं पॅकेज अजून पाथमध्ये पुढे आहे. ते काढून टाका.

सोबतची अवजारं अशी: गिट, कर्ल, अनझिप, मेक, सी कंपायलर, रिपग्रेप (फाइलींतला मजकूर शोधायला) आणि एफडी (फाइली शोधायला). कंपायलर कशाला, असं वाटेल; पण कोडची रचना ओळखून त्याला रंग देणाऱ्या ट्री-सिटरचे पार्सर तुमच्या मशीनवरच बांधले जातात, आणि कंपायलर नसेल तर रंग न येता नुसती एरर येते. एफडीची गंमत अशी की उबुंटूवर पॅकेजचं नाव एफडी-फाइंड आणि कमांडचं नाव एफडीफाइंड आहे, त्यामुळे ‘एफडी’ नावाची सिमलिंक हाताने करून ठेवलेली बरी. क्लिपबोर्डसाठी एक्स११ वर एक्सक्लिप, वेलँडवर डब्ल्यूएल-क्लिपबोर्ड. जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट किंवा पायथॉनसाठी पायराइट वापरणार असाल तर नोडही हवं, कारण त्यांचे लँग्वेज सर्व्हर (कोड समजून चुका आणि सूचना दाखवणारे प्रोग्राम) मेसन हे प्लगिन एनपीएममधून आणतं. ऑफिसच्या प्रॉक्सीआड बसत असाल तर गिट आणि एनपीएम या दोघांनाही प्रॉक्सी सांगून ठेवा. नाहीतर प्लगिन उतरतात, सर्व्हर अडकतो आणि खापर कॉन्फिगवर फुटतं.

आयकॉनच्या जागी चौकोन दिसले तर फाँट राहिलाय. नर्ड फाँटची (आयकॉन भरलेल्या फाँटची) तिसरी आवृत्ती घ्या आणि टर्मिनलच्या सेटिंगमध्ये निवडा. एसएसएचवरून काम करताना फाँट समोरच्या लॅपटॉपवर लागतो. सर्व्हरवर तो टाकून काहीही होत नाही.

आता फोल्डर. लिनक्स आणि मॅकवर निओव्हिम चार ठिकाणी पसरलेलं असतं: होममधल्या डॉट-कॉन्फिगमध्ये, डॉट-लोकलखालच्या शेअर आणि स्टेटमध्ये, आणि डॉट-कॅशमध्ये. चारही ठिकाणच्या एनव्हिम फोल्डरांची नावं बदलून बाजूला ठेवा. नुसतं कॉन्फिग हलवलं तर शेअरमधले जुने पार्सर तसेच राहतात, नव्या क्वेरी फाइलींशी त्यांचं जमत नाही आणि फाइल उघडताच ‘इनव्हॅलिड नोड टाइप’ अशी ओरड सुरू होते. विंडोजवर ॲपडेटाच्या लोकलमध्ये दोन फोल्डर आहेत, एनव्हिम आणि एनव्हिम-डेटा.

हलवाहलवच नको असेल तर 0.9 पासून आलेली सोय वापरा. ‘एनव्हिम_ॲपनेम’ हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल इंग्रजी कॅपिटल अक्षरांत (NVIM_APPNAME) लिहून त्याला एखादं नाव दिलं की त्या नावाचे चार वेगळे फोल्डर वापरले जातात. एक नाव लेझीव्हिमला, एक किकस्टार्टला (स्वतःची कॉन्फिग लिहायला सुरुवात म्हणून घ्यायची छोटी फाइल), दोघांना शेलमध्ये एकेक एलियास. रोजची कॉन्फिग जागची हलत नाही. चाचणी संपली की त्या नावाचे चारही फोल्डर पुसा.

मग कागद घ्या आणि दिवसभरात तुम्ही एडिटरमध्ये खरंच काय करता ते लिहा: फाइल शोधणं, प्रोजेक्टभर शब्द शोधणं, डेफिनिशनवर उडी, नाव बदलणं, गिट ब्लेम, टेस्ट चालवणं. दहा ओळी पुरतात. त्या दहा गोष्टी आयत्या कॉन्फिगमध्ये करून बघा आणि कुठे हात अडखळतो त्यावर खूण करा. लेझीव्हिममध्ये स्पेस दाबून थांबलं की पुढच्या कळांची यादी खाली उघडते, त्यामुळे शोधायला त्रास नाही. त्रास होतो तो जुन्या व्हिमवाल्यांना. ‘एस’ दाबलं की अक्षर बदलण्याऐवजी फ्लॅश या प्लगिनची, स्क्रीनवर दिसणाऱ्या हव्या त्या जागी जाण्याची उडी सुरू होते. मोठा ‘एच’ आणि मोठा ‘एल’ स्क्रीनच्या वर-खाली न नेता बफर (उघडलेली फाइल) बदलतात. मार्कडाउनमध्ये ठळक शब्दांभोवतीच्या चांदण्या दिसत नाहीत. त्या पुसल्या गेलेल्या नसतात, कन्सील लेव्हल 2 असल्यामुळे लपलेल्या असतात. शून्य केली की परत दिसतात.

सगळ्यात महागात पडतं ते सेव्ह करताना आपोआप होणारं फॉरमॅटिंग. लेझीव्हिममध्ये ते मुळातच चालू असतं. जुन्या रिपोमध्ये दोन ओळी दुरुस्त करायच्या, सेव्ह करायचं, आणि डिफमध्ये अख्खी फाइल बदललेली दिसते. रिव्ह्यू करणारा वैतागतो आणि गिट ब्लेमचा बट्ट्याबोळ होतो. टीमचा फॉरमॅटर ठरलेला नसेल तर पहिल्याच दिवशी स्पेस, यू, एफ दाबून ते बंद करा. ही कळ तेवढ्या सेशनपुरती. कायमसाठी ऑप्शन्स फाइलमध्ये ‘ऑटोफॉरमॅट’ फॉल्स लिहा.

आयत्या कॉन्फिगमध्ये बदल कसा करायचा हेही आधीच समजून घ्या. प्लगिन्स फोल्डरमध्ये त्या प्लगिनच्या नावाने छोटी फाइल करून ‘ऑप्ट्स’ दिलं तर ते मूळ सेटिंगमध्ये मिसळतं. ‘कॉन्फिग’ नावाचं फंक्शन दिलं तर मूळचं फंक्शन पूर्ण बाजूला पडतं. लोक रीडमीमधला तुकडा जसाच्या तसा चिकटवतात, त्यात ‘कॉन्फिग’ असतं, आणि मग कालपर्यंत चालणारी अर्धी गोष्ट आज का चालत नाही म्हणून डोकं धरून बसतात. नको असलेली कळ फॉल्स करायची, नको असलेल्या प्लगिनला ‘एनेबल्ड’ फॉल्स.

स्वतःची लिहायची ठरवलीत तर दहा जणांच्या डॉटफाइल्समधून तुकडे गोळा करू नका. ती गोधडी होते आणि कुठला टाका कशासाठी होता हे महिन्याभराने आठवत नाही. किकस्टार्ट घ्या: एकच फाइल, भरपूर कॉमेंट्स, एका बैठकीत वाचून होणारी. कळली नाही ती ओळ काढून बघा, काय मोडतं ते पाहा, लागली तर परत घाला. लीडर कळ (तुमचे शॉर्टकट जिच्यापासून सुरू होतात ती, लेझीव्हिममध्ये स्पेस) मात्र प्लगिन लोड होण्याआधी ठरवायची, नाहीतर कळा जुन्याच लीडरला बांधल्या जातात. आणि 2021 ते 22 चे लेख वाचून लिहू नका. ओळी कॉमेंट करण्याची सोय 0.10 पासून निओव्हिममध्येच आहे, आणि 0.11 पासून लँग्वेज सर्व्हर चालू करायला आतलीच दोन फंक्शनं पुरतात.

खरा प्रश्न डागडुजी कोण करणार हा आहे. ट्री-सिटरच्या प्लगिनचंच बघा: त्याची मेन शाखा नव्याने लिहिली गेली आणि ती जुन्या मास्टरशी जुळत नाही. ज्यांनी शाखा न सांगता प्लगिन लावलं होतं त्यांना अपडेटनंतर ‘मॉड्यूल सापडलं नाही’ एवढंच दिसलं. आयत्या कॉन्फिगमध्ये ही जुळवणी मेंटेनर करतात. पण मेंटेनर थांबले तर तुम्हीही अडकता. लूनरव्हिम एके काळी जोरात होतं, पुढे त्याचं काम थंडावलं. म्हणून आयती घेताना तिच्या रिपोतले गेल्या दोन-तीन महिन्यांचे कमिट बघूनच घ्या. आठवड्याअखेर कागद काढा: डझनभरापेक्षा जास्त गोष्टी बंद किंवा बदलाव्या लागल्या असतील तर स्वतःची लिहा. तीन-चारच असतील, किंवा डेडलाइन डोक्यावर असेल, तर आयती बिनधास्त वापरा.

कुठलीही निवडा, प्लगिन उतरवणाऱ्या ‘लेझी’ या मॅनेजरची (हा लेझीव्हिमहून वेगळा) लॉकफाइल गिटमध्ये कमिट करा. तिच्यात प्रत्येक प्लगिनचा नेमका कमिट असतो. अपडेट बिघडलं तर गिटमधून जुनी लॉकफाइल आणायची आणि लेझीची रिस्टोअर कमांड चालवायची, पाच मिनिटांचं काम. रिलीजच्या आदल्या दिवशी मात्र अपडेटला हात लावू नका.

मराठीत कॉमेंट किंवा दस्तऐवज लिहिणाऱ्यांसाठी एक जास्तीचं काम आहे. सिस्टिमचा कीबोर्ड देवनागरीवर ठेवून एस्केप दाबलं की ‘जे’, ‘के’ या खाली-वर जाण्याच्या कळा ओळखल्याच जात नाहीत. लँगमॅप ऑप्शनमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजी कळांशी जोडता येतात, नाहीतर एस्केपबरोबर लेआउट बदलायची सवय लावावी लागते. जोडाक्षरं फुटली किंवा कर्सर सरकला तर तो दोष टर्मिनलचा. कॉन्फिग बदलून तो जात नाही.

शेवटी सर्व्हरसाठी पंधरा ओळींची साधी व्हिमआरसी (साध्या व्हिमची कॉन्फिग फाइल) वेगळी ठेवा: ओळींचे आकडे, इंडेंट, शोधताना लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नको, आणि रोजच्या चार-पाच कळा. तिथे प्लगिन नसतात आणि बऱ्याचदा निओव्हिमही नसतं.