एकाच लॅपटॉपवर नोडच्या अनेक आवृत्त्या सुरक्षितपणे कशा ठेवाव्यात

नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन. समजा, जुना प्रोजेक्ट नोड १८ वर अडकलेला, चालू काम २२ वर आणि नवे २४ वर. एक काढून दुसरी टाकत बसायची गरज नाही. एनव्हीएम हे साधन सगळ्या आवृत्त्या तुमच्या होम फोल्डरमध्ये वेगवेगळ्या ठेवते. ही पद्धत लिनक्स आणि मॅकसाठी आहे. विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) करा. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये रोमन लिपीत टाइप करा.

१. ‘व्हिच नोड’ लिहून आधीचे नोड कुठे बसले आहे ते पाहा. सिस्टिम फोल्डरमध्ये असेल आणि दुसऱ्या कशाला लागत नसेल, तर ते काढा.

२. एनव्हीएमच्या अधिकृत गिटहब पानावर एका ओळीची आज्ञा मिळते. ती स्क्रिप्ट उतरवून थेट बॅशच्या (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हवाली करते. त्याऐवजी स्क्रिप्ट फाइलमध्ये उतरवा, वाचा, मगच चालवा. ‘सुडो’ (आज्ञा रूट, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे) लावू नका. नंतर नवे टर्मिनल उघडा.

३. ‘एनव्हीएम इन्स्टॉल २४’, मग ‘एनव्हीएम इन्स्टॉल २२’. उतरवलेल्या फाइलचा चेकसम (फाइल बदललेली नाही हे ताडण्याचा आकडा) एनव्हीएम स्वतः ताडून पाहते. कामासाठी सम आकड्यांच्याच आवृत्त्या घ्या, कारण आतापर्यंत दीर्घ मुदतीचा आधार त्यांनाच मिळत आला आहे. ‘एनव्हीएम अलियस डिफॉल्ट २४’ केले की नव्या टर्मिनलमध्ये २४ सुरू होते.

४. प्रत्येक प्रोजेक्टच्या मुळाशी ‘.एनव्हीएमआरसी’ नावाची फाइल करून तिच्यात फक्त आकडा लिहा आणि ती गिटमध्ये टाका. त्या फोल्डरमध्ये ‘एनव्हीएम यूज’ म्हटले की योग्य आवृत्ती लागते. प्रोजेक्ट डॉकरच्या कंटेनरमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात) चालत असेल, तर त्याच्या डॉकरफाइलमध्येही तोच आकडा हवा. सर्व्हरवर वेगळे नोड चालत असेल तर लॅपटॉपवरच्या चाचणीवर विसंबता येत नाही.

५. आता सर्वांत महत्त्वाचे. एनपीएमने (नोडसोबत येणाऱ्या, इतरांचा तयार कोड म्हणजे पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) पॅकेज बसवताना त्या पॅकेजची स्वतःची स्क्रिप्टही चालू शकते. ‘सुडो एनपीएम इन्स्टॉल’ केले, तर अनोळखी माणसाचा कोड रूटच्या अधिकाराने चालण्याची वाट आपणच मोकळी करतो. एनव्हीएममुळे सुडोची गरज संपते, पण होम फोल्डरमधली टोकन आणि किल्ल्या (पासवर्डसारखी गुपिते) त्या स्क्रिप्टला तरीही वाचता येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये शाई-हुलुड हा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) अशाच स्क्रिप्टमधून टोकन चोरत एका पॅकेजमधून दुसऱ्यात पसरला. म्हणून ‘एनपीएम कॉन्फिग सेट इग्नोर-स्क्रिप्ट्स ट्रू’ करा. सेटिंग होम फोल्डरमधल्या ‘.एनपीएमआरसी’त जाते, त्यामुळे तुमच्या सगळ्या आवृत्त्यांना लागू होते. काही पॅकेजेस याने अर्धवट बसतील. ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे तेवढ्यापुरते ‘एनपीएम रीबिल्ड’, पॅकेजचे नाव आणि ‘--इग्नोर-स्क्रिप्ट्स=फॉल्स’ असे चालवा. हा थोडा त्रास घेण्यासारखा आहे. शिवाय लॉकफाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) असलेल्या प्रोजेक्टमध्ये ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरा, म्हणजे नोंदलेल्याच आवृत्त्या बसतील.

६. एनव्हीएम आपणहून काही अपडेट करत नाही. सुरक्षा आवृत्ती आली की पुन्हा ‘एनव्हीएम इन्स्टॉल २४’ करा. आधीचे नोड डिस्कवर तसेच राहते, म्हणून ‘एनव्हीएम एलएस’मध्ये यादी पाहून ‘एनव्हीएम अनइन्स्टॉल’ने ते काढा. जागतिक (ग्लोबल, म्हणजे कोणत्याही एका प्रोजेक्टबाहेर बसवलेली) पॅकेजेस दर आवृत्तीची वेगळी असतात, ती काढण्याआधी टिपून ठेवा.

राहिला तो नोड १८ वरचा प्रोजेक्ट. १८ चा आधार एप्रिल २०२५ मध्ये संपला, नोड प्रकल्पाकडून आता त्याला सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. स्थलांतर होईपर्यंत तो कंटेनरमध्येच चालवा, त्याला खरी टोकन देऊ नका आणि बाहेरच्या नेटवर्कला त्याचा पोर्ट उघडू नका.