विमानाच्या ब्रेकचे जोड गळू नयेत यासाठी

मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेल ढकलणारा) आणि कॅलिपर (त्या तेलाच्या दाबाने चाकाची डिस्क पकडणारा) जागेवर बसले आहेत, नळ्या मापात वाकवून आतून स्वच्छ केल्या आहेत, असं धरून चालतो. विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये इथल्यापेक्षा वेगळं काही असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

तेल 5606 जातीचं, लाल. मोटारीचं डॉट ब्रेक ऑइल त्यात थेंबभरही नको. 5606 साठी घातलेल्या नायट्रिल रबराच्या रिंगा डॉटमध्ये खराब होतात.

आता खरी मेख. या ब्रेकमध्ये दोन जातींचे जोड भेटतात आणि दोघांना एकच औषध लावणारे सल्ले मला संताप आणतात. फ्लेअरचा, म्हणजे नळीचं तोंड पसरट करून केलेला, जोड 37 अंशांच्या शंकूवर धातूला धातू टेकून तेल अडवतो. तिथले आटे फक्त आवळण्यापुरते, म्हणून सीलंट लावूच नका. मोटारीची 45 अंशांची फ्लेअर तिथे बसल्यासारखी दिसते, पण बसत नाही.

कॅलिपरमध्ये शिरणारा पाइप-थ्रेड मात्र निमुळता असतो. कितीही आवळला तरी आट्यांच्या धारेशी मळसूत्रासारखी बारीक वाट उरते. ती बुजवायला सीलंट हवंच. टेफ्लॉन टेप नको म्हणजे नको. तिची एखादी चिंधी मास्टर सिलिंडरच्या परतीच्या छिद्रात अडकली, तर तेल मागे येत नाही आणि पाय काढला तरी चाक धरलेलंच राहतं.

मला सर्वांत जास्त छळलं ते एल्बोच्या, म्हणजे कॅलिपरमध्ये फिरवायच्या वाकड्या जोडतुकड्याच्या, दिशेने. हा जोड तळाला टेकत नाही, त्यामुळे एल्बो हवा तिथे आपोआप थांबत नाही. आधी सीलंटशिवाय बोटांनी घट्ट फिरवा. तिथून दीड ते दोन फेऱ्यांच्या आत तोंड योग्य दिशेला येणार असेल तरच तो एल्बो घ्या, नाहीतर दुसरा लावून बघा. मग आटे धुऊन सुकवा, टोकाकडचे दोन आटे कोरे सोडून फक्त एल्बोवरच्या आट्यांना सीलंट लावा आणि फिरवा. दिशा चुकली म्हणून एल्बो किंचितही उलटा फिरवू नका. तिथेच सील तुटतं. काढा, पुसा, नव्याने लावा. आणखी एक फेरी रेटायचा मोहही टाळा. निमुळता आटा पाचरीसारखा काम करतो आणि कॅलिपरच्या ओतीव धातूला तडा जातो.

फ्लेअर नट दोन पान्यांनी आवळा. 5052-ओ अॅल्युमिनियमच्या पाव इंची नळीला 40 ते 65 इंच-पाउंड पुरतात. गळला तर आणखी आवळू नका, उघडून फ्लेअर बघा.

सीलंट डब्यावर दिलेल्या वेळेइतकं वाळू द्या. तेल कॅलिपरच्या, हवा काढायच्या निपलमधून वर ढकला; टाकीत बुडबुडे थांबेपर्यंत.

शेवटी कुणालातरी पेडल जोरात दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरा पांढरा कागद फिरवा. लाल डाग उमटला तर आधी पेडल सोडायला सांगा, मग पाना उचला.