स्वतः जोडलेल्या पीसीवर आवाज अडखळतोय? आधी साउंड ड्रायव्हर सोडा, बाकीचं तपासा

नवा पीसी जोडला, गेम मस्त चालतो, सगळं भारी आहे, पण गाणं लावलं की मध्येच टक्-टक् होतं किंवा अर्धा सेकंद आवाज रोबोटसारखा होतो. अशा वेळी बहुतेक जण पहिलं काय करतात तर साउंड ड्रायव्हर काढतात, परत टाकतात, मग विंडोजच नवीन टाकतात, आणि त्रास तिथल्या तिथे. कारण यात साउंड चिपचा दोष फार कमी वेळा असतो.

कसं असतं बघा, विंडोज आवाज साधारण १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पुढे पाठवतं. टाकीला खाली नळ सतत चालू आणि वरून बादलीने पाणी ओतायचं, तसा प्रकार, एक बादली उशिरा आली की धार तुटली. प्रोसेसर कितीही दमदार असला तरी दुसरा कुठलातरी ड्रायव्हर मध्येच त्याला अडकवून बसला तर बादली उशिराच येणार. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ५ टक्के दिसतो आणि आवाज तरी तुटतो. तो अडवणारा कोण ते शोधायचं, एवढंच काम आहे.

आधी नीट ऐका. सतत गुणगुण किंवा खरखर येतेय आणि माउस हलवला की बदलतेय, तर तो अर्थिंगचा नाहीतर कॅबिनेटच्या पुढच्या जॅकच्या वायरचा मामला, मागच्या जॅकला लावून बघा, इथलं बाकीचं तुमच्यासाठी नाही. आवाज तुटत असेल तर पुढे वाचा.

डिस्कवरची एखादी फाइल वाजवा, ऑनलाइन नको. फाइल नीट वाजली आणि फक्त ब्राउझरमध्येच तुटतंय तर नेट किंवा ब्राउझरकडे बघा, एक्स्टेन्शन बंद करा, हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद करून बघा. फाइलही तुटली तर तीच फाइल दुसऱ्या वाटेने वाजवा, म्हणजे मागच्या जॅकवरून, मग एचडीएमआयने मॉनिटरवर, मग यूएसबी हेडफोनवर. एकाच वाटेवर तुटतंय की सगळीकडे, यावर पुढचं सगळं ठरतं. आणि शेवटपर्यंत हीच फाइल वापरा, नाहीतर फरक पडला की नाही ते कळतच नाही.

फक्त ब्लूटूथवर तुटत असेल तर पीसीच्या मागे जाऊन बघा, अँटेना लावलाय का? हसू नका, लॅन केबल वापरणारे लोक ‘मला वायफाय कशाला’ म्हणून अँटेना मदरबोर्डच्या खोक्यातच ठेवतात, पण ब्लूटूथला तोच अँटेना लागतो. तो नसला तर हेडफोन जोडला जातो, वाजतोही, पण जरा मान वळवली की तुटतो. छोटा यूएसबी डोंगल वापरत असाल तर तो यूएसबी ३ च्या ड्राइव्हशेजारी खोचू नका, यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि ब्लूटूथ तिथेच चालतं. एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल समोर आणला की बऱ्याचदा काम होतं.

फक्त यूएसबी डॅक (डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलून देणारा छोटा डबा) किंवा हेडसेटवर तुटत असेल तर हब काढून थेट मागच्या पोर्टला लावा, पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवणारी सोय, बंद करा. एएमडीच्या ५०० सिरीजच्या मदरबोर्डांवर यूएसबी मध्येच सुटायचा त्रास होता, २०२१ मध्ये त्यावर बायोसचे (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट आले, तेव्हा असा बोर्ड जुन्या बायोसवर असेल तर आधी तेच करा.

आता सगळ्याच वाटांवर तुटतंय, म्हणजे खरी गंमत इथे. लेटन्सीमॉन नावाचं टूल घ्या, कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवतो ते हे दाखवतं, घरगुती वापराला फुकट आहे. ते चालू करा, गाणं लावा, आणि १०-१५ मिनिटं नेहमीचं काम करत राहा. मग ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये सगळ्यात जास्त वेळ कोणी खाल्ला ते बघा. मायक्रोसॉफ्टचं मार्गदर्शन असं की ड्रायव्हरचं प्रोसेसर अडवणारं असलं एक काम १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त चालू नये, प्रत्यक्षात थोडं वर गेलं तरी कान ओळखत नाही, पण आकडा हजारोंमध्ये असेल तर चोर सापडला.

यादीतल्या ड्रायव्हरच्या नावावरून अंदाज येतो. एनडीआयएस म्हणजे नेटवर्क, आणि माझ्या मते पहिला संशय वायफायवरच घ्यावा, डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय डिसेबल करा आणि परत ऐका, आवाज सुधारला तर कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाका. एनव्हीएलडीडीएमकेएम म्हणजे एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर, तो साफ काढून नवा टाका, नवाच त्रास देत असेल तर एक पायरी मागचा. स्टोरपोर्ट म्हणजे डिस्क. एसीपीआय म्हणजे पॉवर मॅनेजमेंट, म्हणजे बहुधा बायोस. डब्ल्यूडीएफ दिसलं तर त्यावर चिडू नका, ती नुसती चौकट आहे, तिच्यामागे दुसराच कुठलातरी ड्रायव्हर असतो, मग एकेक डिव्हाइस डिसेबल करून बघावं लागतं, फक्त डिस्क आणि कीबोर्डला हात लावू नका.

स्वतः जोडलेल्या मशीनवर अजून एक हमखास संशयित म्हणजे दिवे आणि पंखे सांभाळणारी सॉफ्टवेअर्स. बोर्डचं एक, रॅमच्या लाइटिंगचं दुसरं, कूलरचं तिसरं, आणि सगळी दर सेकंदाला सेन्सर वाचत बसतात. नुसती खिडकी बंद करून उपयोग नाही, खालच्या ट्रेमधून आणि स्टार्टअपमधूनही काढा. पंख्यांचा वेग बायोसमधून लावता येतो, त्याला सॉफ्टवेअर कशाला हवं, मला तरी कळत नाही.

मग बायोस. एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग, बंद करून रॅम साध्या वेगावर चालवून बघा, सुधारलं तर मेमटेस्ट हे रॅम तपासायचं टूल रात्रभर चालवा. एएमडीचा रायझन प्रोसेसर असेल आणि कधीतरीच, पण आवाजाबरोबर माउससुद्धा क्षणभर अडकत असेल, तर तो एफटीपीएमचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागाचा प्रकार असू शकतो. तो मदरबोर्डवरच्या फ्लॅश मेमरीशी बोलताना जास्त वेळ घ्यायचा, एएमडीने २०२२ मध्ये ते मान्य केलं आणि १.२.०.७ आवृत्तीच्या एजीसापासून (बायोसमधला एएमडीचा कोड) दुरुस्ती आली. अपडेट करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, सस्पेंड करा आणि रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा, नाहीतर आवाज राहिला बाजूला, डिस्कच उघडायची नाही.

साउंड सेटिंगमधलं पटकन उरकून टाका, ऑडिओ एन्हान्समेंट बंद, सॅम्पल रेट ४८००० नाहीतर ४४१०० आणि वापरात नसलेली एचडीएमआय आउटपुट डिसेबल.

एवढं करूनही तुटत असेल तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून त्यावरून बूट करा आणि तीच फाइल तिथे वाजवा. पाइपवायर (लिनक्समधली आवाज सांभाळणारी यंत्रणा) असलेलं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, घेतलं तर पीडब्ल्यू-टॉप ही कमांड चालवून एररचा आकडा वाढतोय का तेही दिसतं. तिथे नीट वाजलं तर दोष विंडोजच्या कुठल्यातरी ड्रायव्हरचा, तेव्हा परत लेटन्सीमॉनकडे. तिथेही तुटलं तर विंडोजला दोष देणं थांबवा, जास्तीची कार्डं काढा, रॅमची एकच स्टिक ठेवून चालवा, मग दुसरी, आणि ज्या जोडणीत आवाज सुधारेल तिथून एकेक भाग परत लावत जा.