मैल्यातून वीज काढताय? आधी या चुका टाळा

जानेवारी आला की मायक्रोबियल फ्युएल सेलच्या (जिवाणूंकडून वीज मिळवणाऱ्या सेलच्या) प्रोजेक्टसाठी एसटीपीवरून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावरून, कॅनभर स्लज (मैल्याचा गाळ) आणून पोरं आमच्या लॅबमध्ये हजर होतात आणि दरवर्षी त्याच त्याच चुका करतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गाळात तांबं नाहीतर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) जाळी बुडवणं. गेल्या वर्षी चौघांचा ग्रुप धावत आला, "सर, पहिल्याच दिवशी 0.7 व्होल्ट!" बरणी बघितली तर एका बाजूला जीआय जाळी, दुसरीकडे तांब्याची पट्टी. म्हटलं हेच आता नुसत्या मिठाच्या पाण्यात लावा. लावलं, तर आकडा जवळपास तोच. म्हणजे ती वीज जिवाणूंची नव्हतीच, जस्त गंजत होतं त्याची होती. रिपोर्ट छापून झालेला, एकीचे डोळे भरून आले, मलाही वाईट वाटलं, पण खोटा आकडा मी पुढे जाऊ देणार नाही. कार्बन फेल्ट किंवा ग्रॅफाइट घ्या, क्लिप गाळाच्या वर ठेवा. आणि शेजारी दुसरी बरणी हवीच, तोच गाळ जिवाणू मरेपर्यंत जुन्या कुकरमध्ये चांगला शिजवून भरलेली. शिजवलेला गाळही तेवढंच व्होल्टेज देत असेल तर वहीत काही लिहू नका.

दुसरी चूक घाई. अ‍ॅनोडवर (गाळातल्या इलेक्ट्रोडवर) जिवाणूंचा थर बसायला दोन-तीन आठवडे जातात, आणि ही मंडळी तिसऱ्या दिवशी झाकण काढून ढवळतात. आत हवा गेली की जिवाणू इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनला देऊन मोकळे होतात, तुमच्या इलेक्ट्रोडला काय मिळणार? फिश टँकचा हवेचा पंप फक्त कॅथोडच्या (दुसऱ्या इलेक्ट्रोडच्या) बाजूला, गाळात नाही.

मोकळ्या वायरींना मल्टिमीटर लावून मिळालेल्या व्होल्टेजला पॉवर म्हणू नका. मी 1000 ओहमचा रेझिस्टर कायम लावून ठेवतो. त्यावर 0.4 व्होल्ट आले तर पॉवर फक्त 0.16 मिलिवॅट, आणि घरगुती सेलसाठी तेही चांगलंच आहे.

सॉल्ट ब्रिज, म्हणजे दोन्ही बाजू जोडणारी मिठाची नळी, आखूड आणि जाड करा, लांब बारीक नळीत सगळा करंट अडतो.

लाल एलईडीला साधारण 1.8 व्होल्ट लागतात म्हणून लोक चार-पाच बरण्या सिरीजमध्ये जोडतात, मग त्यातली कमजोर बरणी उलटी फिरते आणि व्होल्टेज मायनसमध्ये जातं. त्यापेक्षा कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) वेगवेगळ्या बरण्यांवर चार्ज करून मग सिरीजमध्ये लावा.

ग्लोव्हज घाला, खिडकी उघडी ठेवा. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि तो जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं.