जुना म्युझिक प्लेयर: आधी खाच तपासा, मग बॅटरी

प्लेयर तासाभरात बंद पडायला लागला की लोक तो थेट मोडीत काढतात. घाई करू नका. लिथियम-आयन बॅटरी साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जिंगनंतर थकतेच. बाकी यंत्र बहुतेक वेळा ठणठणीत असतं. आयपॉडचं उत्पादन तर 2022 मध्येच थांबलं, त्यामुळे हातात आहे तो जपलेलाच बरा.

दुरुस्तीला देण्याआधी दुसरी केबल, दुसरा चार्जर लावून बघा आणि चार्जिंगच्या खाचेत टॉर्च मारा. खिशातला कापसासारखा मळ तळाशी दाबून बसतो आणि पिन पूर्ण आत जात नाही. प्लेयर बंद करून लाकडी टूथपिकने तो अलगद काढा. कित्येकदा खर्च तिथेच वाचतो.

बॅटरी खरंच गेली असेल तर बॅटरीची किंमत आणि मजुरी वेगवेगळी विचारून घ्या. पैसे जातात ते बहुधा चिकटवलेलं झाकण उघडण्यात. झाकण फुगलेलं दिसलं तर मात्र चार्जिंग ताबडतोब थांबवा. ते दाबू नका, टोचू नका.

बरेच दिवस वापरणार नसाल तर निम्मं चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर पुन्हा चार्ज होईलच असं नाही.